खाना पकवायला एम.एस्सी. कशाला?



मागच्या महिन्यातली गोष्ट. मगरिबची नमाज नुकतीच झाली होती आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घराची बेल वाजली. दारात आमची एक जुनी विद्यार्थिनी, तिचे अब्बा, अम्मी आणि मागे बारावीतली धाकटी बहीण. मोठी यंदा बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन. हातात एक फॉर्म. पोषण आणि आहारशास्त्राची एम.एस्सी., पत्राद्वारे, घरबसल्या करायची.

चहा येईपर्यंत कुणी बोलले नाही. मग अब्बांनीच सुरुवात केली, “आपा, आप समझाओ इसको. खाना पकाने को एम.एस्सी. कायकू? इसकी नानी तो अंगूठा लगाती थी, पन उसके हात का दालचा पूरा मोहल्ला खाता था.”

आम्हाला हसू आले. अम्मीही हसल्या. मुलगी मात्र हसली नाही. तिने फॉर्म घडी करून मांडीवर ठेवला आणि खाली बघत बसली. त्या क्षणी आम्हाला आमच्याच हसण्याची लाज वाटली. कारण हा प्रश्न फक्त त्या अब्बांचा नाही, आमचाही आहे. इतकी वर्षे शाळेत शिकवताना आम्ही काय केले? हुशार मुलीला म्हटले, सायन्स घे, डॉक्टर हो. जिला गुण कमी पडले तिला म्हटले, गृहविज्ञान घे बेटी, लग्नानंतर कामाला येईल. म्हणजे ज्या विद्येवर घरातल्या प्रत्येकाचे पोट, कपडा आणि तब्येत चालते, ती विद्या आम्ही उरलेल्यांसाठी राखून ठेवली. म्हणून या महिन्यात आपण याच विषयावर बोलू.

आपल्या घरांना हा विषय नवा नाही. उर्दू शिकलेल्या वाचक भगिनींना डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ आठवत असेल. 1869 सालची ती कादंबरी. अकबरीच्या हातात घर उधळते आणि असगरीच्या हातात तेच घर सावरते. आजही आपल्याकडे एखाद्या सुनेला ‘असगरी’ म्हटले की दुसरी तारीफ लागत नाही. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ आले. ते मुलींना जहेजमध्ये दिले जायचे. त्यात मसले-मसाइल आहेतच, पण पत्रलेखन, हिशेब, साबण बनवण्याची कृती आणि घरगुती इलाजही आहेत. म्हणजे घर चालवणे हे शिकण्यासारखे काम आहे, हे आपल्या बुजुर्गांनी मान्य केले होते. फक्त ते शिक्षण घराच्या उंबरठ्याशी थांबले.

बाहेरच्या जगात ते पुढे गेले. अमेरिकेत एलेन स्वॅलो रिचर्ड्स नावाच्या बाई होत्या. बॉस्टनच्या प्रसिद्ध एमआयटी संस्थेतून 1873 मध्ये पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, विषय रसायनशास्त्र. त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे हजारो नमुने तपासले आणि तीच प्रयोगशाळा घराकडे वळवली: अन्नात भेसळ काय, पाण्यात घाण काय, घरात हवा कशी खेळते. गृहअर्थशास्त्र ही विद्याशाखा उभी करणाऱ्यांत त्या पहिल्या. आज तिकडच्या काही विद्यापीठांत या शाखेला ‘मानवी पर्यावरण विज्ञान’ म्हणतात. माणसाच्या सर्वांत जवळचे पर्यावरण कोणते? अंगावरचा कपडा, ताटातले अन्न, डोक्यावरचे छत आणि भोवतीची माणसे. त्या सगळ्याचा तिथे पदव्युत्तर अभ्यास होतो, पीएच.डी. होते.

आपल्या देशात दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज 1932 साली निघाले. बडोद्याच्या विद्यापीठात हंसाबेन मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेच आजचे एसएनडीटी. त्याची गृहविज्ञान महाविद्यालये मुंबईला जुहूत आणि पुण्यात आहेत. मुंबईत निर्मला निकेतन आहे, नागपुरात एलएडी कॉलेज आहे. परभणीला 1972 साली कृषी विद्यापीठ झाले, जे आज वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. तिथे या विषयाचे पूर्ण महाविद्यालय आहे. पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणत, आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. अन्न व पोषण, वस्त्र व परिधान, मानव विकास, घरातल्या साधनसंपत्तीचे व्यवस्थापन आणि विस्तार शिक्षण अशा शाखा तिथे आहेत.

हे सगळे आम्ही अब्बांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “ठीक आहे आपा, पण त्यात शिकवतात काय?”

आम्ही अम्मींकडे बघितले. त्यांना आठ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. गेल्या रमजानमध्ये विसावा रोजा होता, इफ्तारला तासभर होता आणि त्या स्वयंपाकघरातच कोसळल्या. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. एका दवाखान्यात नेले, जीव वाचला, अलहम्दुलिल्लाह. निघताना त्यांच्या हातात आहाराचा एक छापील कागद दिला. सकाळी आठला ओट्स, अकराला एक फळ, एकला दोन पोळ्या आणि सॅलड, चारला मोड आलेली मटकी. उरलेल्या नऊ रोजांचे काय करायचे, ते त्या कागदावर कुठेच नव्हते. सहरी नव्हती, इफ्तार नव्हती, ज्वारीची भाकरी नव्हती, खिचडा नव्हता. अम्मींनी तो कागद फ्रिजवर लावला आणि पूर्वीसारखेच खात राहिल्या.

मुलगी पहिल्यांदाच बोलली. “आपा, तो कागद मी रोज बघते. मला तो नीट लिहायचा आहे.”

पोषणशास्त्रात नेमके हेच शिकवतात. अन्न पोटात गेल्यावर त्याचे रक्तात काय होते हे जीवरसायनात शिकतात. कुठल्या आजारात काय आणि किती द्यायचे हे आहारोपचारात शिकतात. आणि माणूस प्रत्यक्षात काय खातो हे त्याच्याकडून कसे काढून घ्यायचे, कालच्या चोवीस तासांत पोटात गेलेला घास न् घास कसा विचारायचा, याचीही पद्धत आहे. साखरेच्या रुग्णाने रमजानच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे जाऊन रोजा झेपेल का, गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे ठरवायला हवे. रोजात साखर 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे वैद्यकशास्त्र सांगते, आणि आजाऱ्याला सवलत शरिअतनेच दिली आहे. बोटावरचा थेंब घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. पण आपल्या किती अम्मी-खालांना हे कुणी समजावून सांगितले? आहारतज्ज्ञ बाईला सहरी म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर ती सांगणार तरी कशी? त्या खुर्चीवर आपल्यातली एखादी मुलगी बसायला नको का?

दुसरी गोष्ट रक्ताची. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. देशाचा आकडा 57 टक्के. म्हणजे आमच्या वर्गात पन्नास मुली बसल्या असतील, तर पंचवीसएक जणींना धाप लागते, चक्कर येते, आणि आम्ही म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही! अशा मुलीला घरी काय देतात? डाळिंब आणि बीट. लाल रंग म्हणजे रक्त, असा हिशेब. सोलापूरचे डाळिंब नावाजलेले, केगावला त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, फळ उत्तमच. पण त्यात लोह फार थोडे असते. लोह मिळते ते कलेजीतून, मांसातून, अळिवातून, हिरव्या पालेभाज्यांतून, डाळींतून आणि बाजरीतून. त्यातही मांसातले लोह शरीर सहज घेते, धान्या-भाज्यांतले अवघडपणे. त्यावर लिंबू पिळले तर जास्त घेते, आणि जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी घेते. आपल्या घरात जेवण झाले की चहाचे आधण ठेवायची पद्धत आहे. तो कप तासाभराने घ्या, एवढा बदल आजपासून करता येईल. त्याला पैसा लागत नाही, फक्त माहिती लागते. आणि ही माहिती जिने शोधून काढली, तपासली, ती कुठल्यातरी प्रयोगशाळेत एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारी कुणाची तरी मुलगीच होती.

आपल्यापासून फार लांब नाही, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूरला मॅक्कॅरिसन साहेबांच्या छोट्या चौकशी केंद्रातून ती सुरू झाली आणि 1958 मध्ये हैदराबादला आली. आपल्या देशातल्या कुठल्या अन्नात काय आणि किती आहे, याचे तक्ते तिथे तयार होतात. सोलापुरातून कितीतरी कुटुंबे नातेवाइकांकडे हैदराबादला जातात. चारमिनार बघतात, बिर्याणी खातात. एकदा मुलींना घेऊन त्या संस्थेच्या दारापर्यंतही जाऊन यावे.

आता कपड्याकडे येऊ, कारण अब्बांचा धंदा तोच. आसरा चौकापलीकडे भाड्याच्या गाळ्यात दहा मशिनी आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगाला माहीत आहेत, भौगोलिक मानांकन दोघांनाही आहे. गेल्या काही वर्षांत गणवेशातही सोलापूरने नाव कमावले. हजारो बायकांची चूल त्यावर चालते. पण दोन वर्षांपूर्वी याच अब्बांचा एका शाळेने तीनशे पँटींचा माल परत केला होता. एका धुण्यात पँटी आखूड झाल्या. कापड व्यापाऱ्याचे, शिवण यांची, आणि नुकसानही यांचेच. त्या वर्षी ईदचे कपडे घरात उसनवारीवर आले.

आम्ही विचारले, “भाई, कापड कापण्याआधी धुऊन बघितले होते?”

“कायका धुना आपा, थान के थान रहते.”

वस्त्रशास्त्राच्या विद्यार्थिनीला ही तपासणी अगदी सुरुवातीलाच शिकवतात. कापडाचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. 50 चे 48 झाले तर कापड चार टक्के आटते. म्हणजे मीटरभर लांबीची पँट चार सेंटिमीटर आखूड होणार. मागावर आणि नंतरच्या प्रक्रियेत धागा ताणलेला असतो, पाणी लागले की तो आपल्या जागेवर परत येतो, म्हणून कापड आटते. गणवेशाच्या कापडात पॉलिस्टरबरोबर व्हिस्कोस असतो. पॉलिस्टर फारसा आटत नाही, पण व्हिस्कोस पाण्यात फुगतो आणि आखडतो. हे आधी कळले, तर एकतर कापड नाकारता येते किंवा बेतताना तेवढे माप वाढवता येते. अशाच तपासण्या रंगाच्या पक्केपणाच्या आहेत, घामाने, घासल्याने, उन्हाने रंग उतरतो का ते बघायच्या. चौरस मीटरला कापडाचे वजन किती, धाग्याचा काउंट काय, एका मापावरून बाकीची मापे कशी वाढवायची, कापताना चिंध्या कमी कशा निघतील, मशिनवर बसणाऱ्या बाईची कंबर कशी सांभाळायची, हा सगळा त्या पदवीचा अभ्यास आहे. शिवणकामाचा क्लास वेगळा आणि वस्त्रशास्त्र वेगळे. क्लास हात तयार करतो, तोही हवाच. पण माल परत का आला, हे तो सांगत नाही.

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग दाराशी उभ्या असलेल्या धाकटीकडे वळून म्हणाले, “तू शिकती क्या ये?” ती पळून आत गेली. पण दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत येऊन तिने परभणीची चौकशी केली. सायन्स असल्याने तिचा रस्ता सरळ आहे: बारावीनंतर सामुदायिक विज्ञानाची पदवी, मग कृषी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन वस्त्र शाखेत एम.एस्सी.

मोठीचा रस्ता मात्र तिने आणलेल्या फॉर्मपाशी अडला. तो फॉर्म बघून आम्ही जे सांगितले, ते सर्व पालकांनी लक्षात ठेवावे. 2021 साली केंद्राने आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी एक कायदा केला. आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ त्यात येतात. त्याला धरून यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून अशा विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. मानसशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, रुग्णालयीन पोषण व आहारशास्त्र हे विषय त्या यादीत आहेत. कारण समजण्यासारखे आहे. रुग्णाच्या खाटेशी उभे न राहता आहारतज्ज्ञ होता येत नाही. तरीही कुणी एजंट घरबसल्या पदवीचा फॉर्म घेऊन आला, तर पैसे देण्याआधी त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची यूजीसीची मान्यता आहे का, हे तपासा. आपल्या घरांची यात जास्त फसगत होते. मुलीला बाहेर पाठवायचे नसते, म्हणून ‘घरबसल्या’ हा शब्द ऐकला की आपण पुढचे वाचत नाही.

हे ऐकल्यावर खरी अडचण बाहेर आली. मुलीची निस्बत ठरत आली आहे. मुलगा चांगला, घर दीनदार. अम्मी म्हणाल्या, “दोन वर्षे होस्टेलला पाठवली तर लोक काय म्हणतील? आणि ते लोक थांबतील का?”

यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. इल्म मिळवणे मर्द आणि औरत दोघांवर फर्ज आहे, हे आपण जलशात ऐकतो आणि घरी येऊन मुलीचा फॉर्म फाडतो, असे बोलून मोकळे होणे सोपे आहे. पण तरुण मुलीला परगावी ठेवणाऱ्या आईला रात्री झोप लागत नाही, हेही खरे आहे. त्या भीतीला हसू नये. आम्ही एवढेच म्हणालो की मुलाकडच्यांना लपवू नका, सरळ विचारा. आणि होस्टेल ऐकीव माहितीवर नाकारू नका, जाऊन बघा. गेट किती वाजता बंद होते, वॉर्डन कोण, जेवण कसले, नमाजला जागा आहे का, आपल्या दुसऱ्या मुली तिथे आहेत का. पाच प्रश्न विचारायचे आणि मग ठरवायचे.

पैशाचेही तसेच. अल्पसंख्याक मुलींसाठीच्या काही केंद्रीय योजना बंद झाल्या, मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये थांबली. पण राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून शिक्षणासाठी कर्ज मिळते, त्याची चौकशी करावी. आपल्यातल्या बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, मुलाणी, पिंजारी अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांचा हक्क आहे त्यांनी जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेअर ही कागदपत्रे बारावीच्या वर्षातच काढून ठेवावीत. दरवर्षी जून-जुलैत आम्ही पालकांना सेतू कार्यालयाच्या रांगेत बघतो आणि प्रवेशाची तारीख निघून गेलेली असते. आणि एम.एस्सी.साठी प्रत्येक विद्यापीठाची पात्रता वेगळी असते. कुठे गृहविज्ञानाचीच पदवी लागते, कुठे रसायन, जीवरसायन किंवा प्राणिशास्त्र चालते. आधी पात्रता वाचा, मग फी भरा.

नोकरीचे म्हणाल, तर दवाखान्यात आहारतज्ज्ञ, बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका, शाळेच्या पोषण आहारावर देखरेख, अन्न आणि कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा, नेट परीक्षा देऊन प्राध्यापकी, असे मार्ग आहेत. सगळ्यांनाच मिळेल असे आम्ही म्हणणार नाही. पण समजा नोकरी केली नाही. आमच्या जुळे सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येते. ते साठवायचे किती, झाकायचे कसे, आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी का करायची, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच कसा वाढतो, हे जिला कळते ती एका घराला नाही, पूर्ण गल्लीला उपयोगी पडते. नजीर अहमदांच्या असगरीनेही आपले घर सावरून झाल्यावर मोहल्ल्यातल्या मुलींना घरी बसवून शिकवायला घेतले होते.

परवा त्या अब्बांचा फोन आला. ते मुलीला घेऊन पुण्याला जाऊन आले. एक महाविद्यालय आणि त्याचे होस्टेल बघितले. गेट आठला बंद होते, बीडच्या आणि लातूरच्या दोन मुली आपल्याच आहेत, त्यांनी मुलीला आपल्या खोलीत बसवून चहा पाजला. मुलाकडच्यांना निरोप दिला आहे, त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. फी भरायची शेवटची तारीख जवळ आली आहे. फोन ठेवता ठेवता अब्बा म्हणाले, “आपा, गाळ्यात कपडे का एक टुकडा धोके देखा. पचास का साडे अडतालीस हुआ.”

“मग?” आम्ही विचारले.

“थान वापस किया.”

त्या मुलीसाठी दुआ करा. आणि आपल्या घरात अशी एखादी असेल, तर तिला हसण्याआधी तिच्या हातातला फॉर्म एकदा उलगडून वाचा.

अल्लाह हाफिज.